अल्पसंख्यांच्या मताचें रक्षण



लोकशाही म्हणजे बहुमताचें राज्य, अशी व्याख्या आपण शाळेंत शिकतों. ती खोटी नव्हे, पण अपुरी आहे. साधें गणित घ्या. एका गांवीं हजार मतदार आहेत. त्यांपैकीं शंभर एका लहान समाजाचे. त्या शंभरांनीं एकदिलानें मत दिलें, तरी उरलेल्या नऊशेंपुढें तें व्यर्थ जाऊं शकतें. मग त्यांच्या हक्काला अर्थ काय? कायद्यानें याचें उत्तर तीन अंगांनीं दिलें आहे.

पहिलें अंग यादीचें. इंग्रजी अमदानींत मताचा हक्क मुख्यतः सारा, मालमत्ता व शिक्षण यांवर अवलंबून असे. साहजिकच दरिद्री समाज बाहेर राही. डॉ. आंबेडकरांनीं १९१९ सालीं साउथबरो समितीपुढें साक्ष देतांना याकडे लक्ष वेधिलें होतें. राज्यघटनेच्या ३२५ व्या कलमान्वयें केवळ धर्म, वंश, जात वा लिंग यांवरून कोणासहि यादींतून वगळतां येत नाहीं. ३२६ व्या कलमानें प्रौढ मतदान दिलें. वयाची अट प्रथम २१ वर्षांची होती, ती १९८९ पासून १८ झाली.

दुसरें अंग जागांचें. ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्यानें अस्पृश्यांस विभक्त मतदारसंघ दिले. गांधीजींच्या उपवासामुळें २४ सप्टेंबर रोजीं पुणे करार झाला : मतदारसंघ संयुक्त, जागा मात्र राखीव, आणि त्याहि प्रांतिक विधिमंडळांत ७१ ऐवजीं १४८. घटनेनेंहि अनुसूचित जाति-जमातींसाठीं संयुक्त मतदानाचेंच तत्त्व ठेविलें. महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांपैकीं अनुसूचित जातींच्या २९ आहेत. आपला वाशीम मतदारसंघ त्यांतलाच. येथें उमेदवार अनुसूचित जातीचा, पण मतदार सर्व. यांतील गुण असा कीं, उमेदवारास प्रत्येक आळीचें दार ठोठवावें लागतें. उणीव अशी कीं, ज्यांच्यासाठीं जागा राखली त्यांच्या पसंतीवांचूनहि तो निवडून येऊं शकतो. डॉ. आंबेडकरांचें भय हेंच होतें, आणि तें निराधार म्हणतां येत नाहीं. धार्मिक अल्पसंख्यांस तर राखीव जागाहि नाहींत. संविधान सभेनें ती योजना १९४९ सालीं सोडून दिली.

म्हणून तिसरें अंग, निर्भयतेचें, सर्वांत मोलाचें. ज्याच्या शेतावर मजुरी करावयाची, त्याच्या डोळ्यांदेखत दिलेलें मत हें आपलें मत नव्हे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानें मतदान-केंद्रावरील अधिकाऱ्यांसहि गुप्तता पाळण्यास बांधून घेतलें आहे. अनुसूचित जाति-जमातींबाहेरील कोणी त्यांच्या मतदारास धाक घालून मतदानापासून रोखलें, किंवा अमुकालाच मत देण्यास भाग पाडलें, तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालीं सहा महिन्यांपासून पांच वर्षांपर्यंत कैद व दंड होतो.

परंतु कायदा आपण होऊन दारीं येत नाहीं. निवडणुकीपूर्वीं यादींत आपलें नांव पाहावें, नसल्यास अर्ज करावा, आणि शेजाऱ्याचें गळलें असेल तर त्यासहि सांगावें. हें शेवटचें काम नऊशेंतील माणसानें शंभरांतील माणसासाठीं केलें, तर लोकशाही बहुमताच्या व्याख्येहून मोठी झाली असें समजावें.