सांध्योपासनेतील स्तोत्रगायन

अक्षरे व मात्रा मोजण्यास सरावलेल्या आपल्या कानास अँग्लिकन सांध्योपासनेतील स्तोत्रगायन प्रथम एकसुरी वाटते. मरियेचे व शिमोनाचे गीत पुष्कळदा स्वतंत्र स्वररचनेत गातात. जुन्या करारातील स्तोत्रे मात्र छोट्या, पुनःपुन्हा येणाऱ्या चालीवर. आणि ती तर गद्य आहेत! कव्हरडेलचे १५३९ च्या बायबलातील भाषांतर १६६२ च्या प्रार्थनाग्रंथातही कायम राहिले.

विषम लांबीच्या ओळींना एकच चाल पुरते, कारण प्रत्येक चरणार्धाचा पहिला स्वर लवचीक असतो. त्यावर दोन अक्षरे येवोत वा वीस. त्यापुढील स्वर मोजके, सामान्यतः पूर्वार्धात तीन व उत्तरार्धात पाच. शब्दाघात त्यांवर नेमका पडावा म्हणून पाठात खुणा केलेल्या असतात. पूर्वी लवचीक स्वरावरील अक्षरे घाईने उरकून पुढे थबकण्याची खोड होती. विसाव्या शतकात बोलीच्या लयीचा आग्रह धरला गेला आणि, आमच्या मते, तेव्हाच अर्थ ऐकू येऊ लागला.