गंज उतरवणारी हवा
लोखंडाची निगा : भाग 5

गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावच्या बांधाला गंज चढायची भीती नव्हती. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी टेकड्यांमधली मोकळी तोंडं मातीच्या पाळींनी बुजवली आणि पाणी अडवलं. भंडारा-गोंदियाकडच्या जुन्या तलावांत पाणी सोडायला तुडुम असे. त्याची भोकं एकेक करून मोकळी केली की पाणी पाटात उतरे. माती, दगड आणि लाकूड, एवढ्यावर भागत होतं. नवेगावच्याच अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या इटियाडोह धरणावर आलात की चित्र बदलतं. तिथे कालव्याचं पाणी लोखंडी दरवाजे अडवतात. आणि वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाला तर एका रांगेत 33 वक्राकार दरवाजे उभे आहेत.

दरवाजा कायम पाण्याखाली असता तर एक वेळ बरं झालं असतं. पण पाण्याची पातळी वरखाली होते, आणि जिथे पत्रा कधी ओला, कधी कोरडा होतो तिथे गंज सगळ्यात जोरात खातो. यावर रूढ उपाय म्हणजे तारेच्या ब्रशने घासून वरून रंग मारणे. दोन पावसाळ्यांत रंगाला फोड येतात, पापुद्रे सुटतात आणि सगळे मिळून रंगाच्या कंपनीला शिव्या घालतात. माझ्या मते दहातल्या आठ वेळा रंगाचा दोष नसतो. रंग ज्याच्यावर बसवला तेच सुटून आलेलं असतं.

तारेचा ब्रश सैल गंज काढतो. खड्ड्यांतला गंज तसाच राहतो. शिवाय मिल स्केल आहेच. पत्रा कारखान्यात तापवून लाटतात तेव्हा त्याच्यावर निळसर काळी खपली धरते. दिसायला ती गुळगुळीत, नव्या पत्र्याची शानच वाटावी अशी. पण तिच्या चिरेतून ओल आत गेली की खपली आणि लोखंड मिळून एक छोटी बॅटरी तयार होते, आणि त्यात झिजतं ते लोखंड. ही खपली ब्रशला दाद देत नाही. ती फोडायला कणांचा मारा लागतो.

अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या बेंजामिन टिल्घमन यांनी 1870 साली याचं पेटंट घेतलं: हवेच्या किंवा वाफेच्या झोतात वाळू सोडायची आणि काच, दगड, धातू तासायचे. दीडशे वर्षांत या ब्लास्टिंगची मूळ कल्पना तीच राहिली. साइटवर गेलात तर आधी दिसेल तो ट्रॉलीवरचा डिझेल कॉम्प्रेसर, रस्त्याच्या कामावर दगडात भोकं पाडायला वापरतात तसाच. त्याच्या शेजारी कमरेपेक्षा थोडा उंच, तळाला निमुळता होत गेलेला एक पिंप, म्हणजे पॉट. पॉटमन वरून त्यात ग्रिट, म्हणजे माऱ्याचे टोकदार कण, ओततो. हवा चालू केली की आतला झाकणासारखा व्हॉल्व्ह खटकन वर येऊन तोंड बंद करतो आणि पॉटमध्ये दाब भरतो. खालच्या नळीतही तेवढाच दाब असतो. वर-खाली दाब सारखा झाला की ग्रिटला आपल्या वजनाने खाली पडायला कुणाची आडकाठी राहत नाही. हवा ग्रिटला ढकलते असं वाटतं, पण पॉटमधून ती उतरते निव्वळ गुरुत्वाकर्षणाने. तळाच्या व्हॉल्व्हने किती उतरू द्यायची ते ठरतं. पुढे नळीतला वारा तिला उचलून घेऊन जातो.

खरी करामत नोझलमध्ये आहे. त्याची वाट आधी आवळत जाते, मग हळूहळू रुंदावते. या आकारामुळे सरळ भोकाच्या नळीपेक्षा कणांचा वेग जवळजवळ दुप्पट होतो. नोझलचा नंबर म्हणजे भोकाचा व्यास इंचाच्या सोळांशांत. सहा नंबरचं भोक साधारण साडेनऊ मिलिमीटरचं. 7 बार दाबाला ते मिनिटाला सुमारे 200 घनफूट हवा पितं. आता गंमत बघा. ग्रिट पत्र्याला घासते तशी नोझललाही घासते. झिजून सहाचं सात झालं की हवेची भूक 250 घनफुटांच्या पुढे जाते. कॉम्प्रेसर तेवढाच, म्हणून दाब उतरतो, काम रेंगाळतं, डिझेल जळत राहतं. टंगस्टन कार्बाइडचं नवं नोझल घ्यायला नको म्हणून पैसे वाचवणारा ठेकेदार त्याच्या कितीतरी पट डिझेलमध्ये घालवतो, आणि ते त्याच्या हिशेबाच्या वहीत कुठेच दिसत नाही.

दाबलेली हवा गरम असते, नळीत थंड होताना पाणी टाकते. ओल लागली की ग्रिटचे गोळे होतात आणि पॉट तुंबतो. कॉम्प्रेसरचं तेल हवेत आलं तर त्याहून वाईट, कारण साफ केलेल्या पत्र्यावर आपणच तेल फवारतो. याची परीक्षा सोपी आहे. ग्रिट बंद करून नुसत्या हवेच्या झोतासमोर पांढरा टिपकागद धरायचा. डाग उमटला की काम थांबवायचं.

नीट मारलेला पत्रा राखाडी-पांढरा दिसतो आणि बोटाला बारीक खरखरीत लागतो. ही खरखर मुद्दाम ठेवलेली असते. साधारण 50 ते 75 मायक्रॉनच्या या दऱ्या-डोंगरांत प्रायमर पाय रोवतो. निविदेत ‘एसए अडीच’ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ गंज, स्केल, जुना रंग सगळं गेलेलं, फार तर ठिपक्या-पट्ट्यांसारखी पुसट छटा राहिलेली. असा उघडा पत्रा मात्र फार हळवा असतो. चार तासांच्या आत प्रायमर गेला पाहिजे, हवेतली आर्द्रता 85 टक्क्यांच्या खाली पाहिजे आणि पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान 3 अंश वर पाहिजे. आपल्याकडे ही वेळ साधणं सोपं नाही. उन्हाळी धानाला पाणी चालू असेपर्यंत दरवाजा मोकळा मिळत नाही, आणि मिळाला की मृग दाराशी येऊन उभा असतो.

कारखान्यात हवेचीही गरज पडत नाही. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांत कास्टिंगला चिकटलेली वाळू काढायला बंद पेटीतलं पात्यांचं चाक पोलादी गोळ्या फेकतं. इथे टोकदार ग्रिटऐवजी गोल शॉट चालतो. तो कापत नाही, ठोकतो. याच ठोकण्याचा वेगळा उपयोग ट्रकच्या पाट्यांना आणि स्प्रिंगांना होतो. पृष्ठभाग दाबून बसवला की त्यावर तडे लवकर पडत नाहीत. त्याला शॉट पीनिंग म्हणतात, आणि तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आता धुळीचं. वाळूचा कण पत्र्यावर आपटून फुटतो आणि त्यातली सिलिका इतकी बारीक होते की श्वासाबरोबर थेट फुप्फुसाच्या तळाशी जाते. तिथे ती जखमा करते, जखमांचे व्रण धरतात, दम लागायला लागतो. हा सिलिकोसिस. तो बरा होत नाही, आणि त्याच्या पाठोपाठ क्षयही लवकर गाठतो, त्यामुळे कित्येकदा नुसत्या टीबीच्या गोळ्या चालू राहतात. ब्रिटनने कारखान्यांतल्या ब्लास्टिंगमधून वाळू 1949 सालीच हद्दपार केली. तुर्कस्तानने 2009 मध्ये जीन्स विटक्या करण्यासाठी होणारं सँडब्लास्टिंग बंद केलं. तोवर तरुण पोरं गेली होती. आपल्याकडे 1948 च्या फॅक्टरी कायद्याने सिलिकोसिस कळवणं बंधनकारक असलेल्या रोगांत घातला. तेव्हा निविदेत सँडब्लास्टिंग लिहिलेलं असलं तरी पॉटमध्ये नदीची वाळू ओतायची नसते. कॉपर स्लॅग, गार्नेट किंवा पोलादी ग्रिट वापरायची.

पण वाळू नसली तरी धूळ असतेच. नोझल धरणाऱ्या ब्लास्टरच्या हेल्मेटमध्ये बाहेरून गाळलेली हवा सतत आली पाहिजे. तोंडाला गमछा बांधणं म्हणजे काहीच न बांधणं. नोझलपाशी पकड सुटताच हवा तोडणारा दांडा असतो, त्याला डेडमॅन हँडल म्हणतात. तो तारेने बांधून कायम चालू ठेवलेला दिसला तर साइट इंजिनिअरने तिथल्या तिथे काम बंद पाडावं.

उरला कचरा. जुन्या दरवाजांना रेड लेडचा प्रायमर असायचा, म्हणजे शिशाचा शेंदूर. तो उडवल्यावर ग्रिटमध्ये, धुळीत मिसळतो. पोलादी ग्रिट चाळून पुन्हा वापरता येते, कॉपर स्लॅग एकदाच. दोन्हींत उरलेला चुरा गोळा करून धोकादायक कचरा म्हणून पाठवावा लागतो. प्रत्यक्षात तो दरवाजाखालीच पडू देतात आणि पहिल्या आवर्तनात तो पाटाने धानाच्या बांध्यांत उतरतो. महाराष्ट्रात उरलेसुरले बहुतेक सारस गोंदिया जिल्ह्यातल्या अशाच बांध्यांत आणि बोड्यांत, म्हणजे छोट्या तळ्यांत, चरतात. ताडपत्रीचा आडोसा आणि तळाला प्लास्टिक अंथरण्याचा खर्च अंदाजपत्रकात वेगळी बाब म्हणून धरला तरच हे थांबतं; नाहीतर ठेकेदार तो करणार नाही, आणि त्याने तो का करावा हेही कुठे लिहिलेलं नसतं.

पुढच्या भागात या खरखरीत पत्र्यावर पहिला थर कोणता द्यायचा ते, म्हणजे जस्ताचा प्रायमर.