पद्मिनीचा सायलेन्सर
कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी ही गाडी चंदीगडच्या एखाद्या घरात अजून चालती असेल, तर तिचा सायलेन्सर बहुधा आतूनच कुजतो. 1 लिटर पेट्रोल जळले की साधारण तेवढेच पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. एका सेक्टरातून शेजारच्या सेक्टरात जाण्याइतक्या अंतरात सायलेन्सर पुरता तापत नाही. हिवाळ्यातल्या गारठ्यात तर ही वाफ आतच निवून पाणी होते आणि पत्र्याला गंज चढतो.

गंजाने भोक पडून होणारी गळती शोधायला इंजिन उघड्यावर, थंड असताना सुरू करावे. मागच्या नळीच्या तोंडाशी जाड फडके क्षणभर धरले की भोकातून फुसफुस ऐकू येते. सांध्यांवरची काजळीही गळतीचीच खूण असते. बंद गॅरेजमध्ये हा प्रयोग नको, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

गाडीखाली शिरण्यापूर्वी इंजिन निवू द्यावे, चाकांना ठोकळे लावावेत आणि गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता स्टँडवर टेकवावी. खरी परीक्षा जुन्या नट-बोल्टांची. त्यांवर गंज सोडवणारे तेल टाकून रात्रभर थांबावे. घाई केली की मॅनिफोल्डचा स्टड तुटतो आणि तासाभराचे काम आठवडा खाते. सांधा उघडला की पॅकिंग नवेच घालावे. चिरलेले रबरी हँगरही बदलावेत, नाहीतर लोंबणारी नळी दुसरीकडे तडकते.

उष्णता सोसणारी लांबी बारीक भोकापुरती, तीही तात्पुरती. पत्रा बोटाने दबत असेल तर त्यावर वेल्डिंग टिकत नाही. सायलेन्सरच बदलावा लागतो.