विश्लेषण : जुन्या बंदुकीवरचा थर काढताना नंबर का जपायचा?

हिंगणघाट, समुद्रपूर परिसरात रानडुकरे आणि रोही यांच्यापासून कपाशी, सोयाबीन, तूर, हरभरा वाचवणे ही शेतकऱ्यांची कायमची डोकेदुखी आहे. त्यासाठी पीक संरक्षणाचा परवाना घेऊन बंदूक बाळगली जाते. यातल्या अनेक बंदुका जुन्या असतात. पावसाळ्यानंतर खोळीतून काढल्यावर किंवा आचारसंहितेत पोलीस ठाण्यात जमा केलेली बंदूक परत आल्यावर नळीवर वाळलेले ग्रीस, सोललेला रंग आणि गंज दिसतो. मग ती घासून लखलखीत करण्याचा मोह होतो. मात्र या घासण्यात बंदुकीचा नंबर पुसला गेला, तर परवानाधारकच अडचणीत येतो.

बंदुकीवर कोणकोणते थर असतात?

पहिला थर तेल-ग्रीसचा. बराच काळ ठेवायच्या बंदुकीला जाड ग्रीस फासतात. वर्षांनुवर्षे ते वाळून वॉर्निशसारखे कडक होते. दुसरा थर मालकाने हौसेने मारलेल्या रंगाचा किंवा वॉर्निशचा. तिसरा कारखान्यातला काळा-निळा ओप, ज्याला ‘ब्लूइंग’ म्हणतात. काही लष्करी बनावटीच्या शस्त्रांवर त्याऐवजी करड्या रंगाचा फॉस्फेटचा थर असतो. या सगळ्यांच्या वर किंवा खाली लाल गंज असू शकतो. पहिले दोन थर काढता येतात. तिसरा मात्र धातूचे संरक्षण करतो.

काळा ओप आणि लाल गंज यांत फरक काय?

दोन्ही लोखंडाचे ऑक्साइडच. लाल गंज सच्छिद्र असतो, ओलावा धरून ठेवतो आणि आत पसरत जातो. काळा ओप म्हणजे मॅग्नेटाइट. तो धातूला घट्ट चिकटतो आणि तेल धरून ठेवतो. मात्र त्याची जाडी साधारण एका मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पॉलिश पेपरचे काही हात फिरले की तो जातो. उघडे पोलाद चकचकीत दिसते, पण पुढच्या पावसाळ्यात सर्वांत आधी तेच गंजते.

घरी काय करता येते?

सर्वांत आधी बंदूक रिकामी आहे याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करावी आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत. वाळलेले ग्रीस रॉकेल किंवा टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या कापडाने मऊ होते. थोडा वेळ कापड गुंडाळून ठेवावे आणि पुसून घ्यावे. हे काम उघड्यावर, चुलीपासून आणि विडी-सिगारेटपासून दूर करावे. रॉकेल लाकडी दस्त्याला लागू देऊ नये. वरवरच्या गंजावर तेल लावून मऊ कापडाने हलके चोळावे. शेवटी सर्व भाग कोरडे पुसून तेलाचा पातळ हात द्यावा. ठासणीच्या म्हणजे भरमार बंदुकीत काळी दारू वापरली जाते. तिची राख हवेतले पाणी ओढते आणि नुसत्या तेलाने निघत नाही. त्यासाठी नळी गरम पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून मगच तेल लावावे लागते. बंदूक कापडी किंवा चामडी खोळीत महिनोन्‌महिने ठेवू नये. खोळ ओल धरते.

ॲसिड, कानस आणि आच का टाळायची?

ॲसिड गंज काढते, तसा काळा ओपही काढते. साधे व्हिनेगरही त्याला पुरते. फटींत राहिलेले ॲसिड नंतर आतून गंज चढवते. कडक पोलादाच्या स्प्रिंगसारख्या भागांत ॲसिडमुळे हायड्रोजन शिरतो आणि ते ठिसूळ होऊ शकतात. दुनळी बंदुकीच्या दोन नळ्या अनेकदा कथिलाच्या डागाने जोडलेल्या असतात. गरम कॉस्टिकच्या द्रावणात नवे ब्लूइंग करताना हा डाग सुटू शकतो. गॅसची आच दिल्यानेही तो वितळतो. कानस किंवा ग्राइंडर लावल्यास नळीची भिंत पातळ होते. आतून खड्डे पडलेली नळी घासून मजबूत होत नाही, उलट बार उडवताना फुटण्याचा धोका वाढतो.

नंबर पुसला गेला तर?

शस्त्र कायदा, 1959 च्या कलम 8 नुसार बंदुकीवरचे नाव, नंबर किंवा ओळखचिन्ह खोडणे, काढणे, बदलणे हा गुन्हा आहे. शिवाय असे चिन्ह नसलेली बंदूक ज्याच्याकडे सापडते त्यानेच ते खोडले, असे गृहीत धरले जाते. तसे नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. ‘गंज काढताना गेला’ हे सांगणे सोपे, दाखवणे कठीण. ठोकून उमटवलेल्या नंबराखालचा धातू दबलेला असल्याने न्यायवैद्यक प्रयोगशाळेत रसायनाने तो अनेकदा पुन्हा दिसू शकतो. पण तोवर प्रकरण पोलिसांत गेलेले असते.

कारागिराकडे कसे न्यावे?

कलम 5 नुसार बंदुकीची दुरुस्तीही परवान्याशिवाय करता येत नाही. त्यामुळे गावातला वेल्डिंगवाला किंवा लेथवाला कितीही हुशार असला, तरी त्याच्याकडे बंदूक देऊ नये. परवाना असलेल्या शस्त्र दुरुस्ती करणाऱ्याकडेच न्यावी. परवानाधारकाने स्वतः जाणे उत्तम. दुसऱ्याच्या हाती पाठवायची असेल, तर कलम 3 नुसार परवानाधारकाची लेखी परवानगी त्याच्यासोबत हवी.

आधी काय तपासावे?

कापड हातात घेण्यापूर्वी परवान्यावरचा नंबर आणि बंदुकीवरचा नंबर जुळवून पाहावा, त्या जागेचा स्पष्ट फोटो काढून ठेवावा. तो भाग फक्त तेलाच्या मऊ कापडाने पुसावा. नंबर आधीच अस्पष्ट असेल, तर साफसफाई थांबवून परवान्यासह पोलीस ठाण्यात किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी कळवावे. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत 3 वरून 5 वर्षे झाली आहे. नूतनीकरणाच्या वेळीच नंबर पाहायचा म्हटले, तर मधली पाच वर्षे निघून जातात. म्हणून दर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर एकदा पाहणे बरे. बंदूक काळपट दिसली तरी चालेल. नंबर मात्र वाचता आला पाहिजे.