बँकर लागला!

गावाला निघायच्या आदल्या दिवशी आमच्या घरी माळ्यावरून फिरकीचा तांब्या खाली यायचा. आजीचा, पितळी, झाकणाला आटे असलेला. चिंचेने घासून तो लख्ख झाला की मे महिन्याची सुट्टी लागल्यासारखं वाटायचं. डोंबिवलीहून लोकलने कल्याण, तिथून पुण्याची गाडी, आणि दिवेलागणीपर्यंत आजोळ. एवढाच आमचा प्रवास. बाबांच्या ऑफिसकडून मिळालेल्या सवलतीवर एकदा दक्षिण भारतही झाला, पण त्यातलं आज फारसं आठवत नाही. कर्जत ते लोणावळा मात्र डोळे मिटले तरी दिसतं.

बाबा मुद्दाम मागच्या डब्यात जागा धरायचे. आईची कुरकुर असायची, कारण पुण्याला उतरल्यावर सामान घेऊन फलाटभर चालावं लागे. पण बाबांचं ठरलेलं असायचं. कर्जतला गाडीला मागून बँकर लागतो, म्हणजे ढकलायला जादा इंजिनं जोडतात, आणि त्याचा धक्का मागच्या डब्यातच नीट कळतो.

कर्जत आलं की फलाटावर वड्यांचा घमघमाट. दिवाडकरांचा वडा हे तिथलं नाव, आणि ते रास्तच आहे. वरचं आवरण पातळ, आतला बटाटा अगदी भुगा न केलेला, आल्याचा तिखटपणा जिभेवर उशिरा येणारा. सोबत लसणीची कोरडी चटणी. माझं ठाम मत आहे की हा वडा घरी आणून खाऊ नये. तो कागदात, उभ्या गाडीत, खिडकीच्या गजाला कोपर टेकवूनच खावा. तो गावोगावी पोचला याचं बरंचसं श्रेय त्या मागच्या इंजिनांना आहे. ती जोडेपर्यंत गाडी थांबणार, भुकेली माणसं खिडकीत बसलेली असणार, आणि समोर कढई. आईच्या तिखटामिठाच्या पुऱ्या तोवर डब्यात तशाच राहायच्या. त्या घाट संपल्यावर.

वडे हातात आले की आजी तांब्याचं झाकण काढून तो दोन्ही हातांनी मांडीवर धरायची. आम्ही भावंडं आत डोकावून पाण्याकडे बघत बसायचो. पाणी स्तब्ध. मग एकदम गोल लाट उठायची, तांब्याच्या कडेला आपटून परत यायची, आणि डब्याच्या सांध्यातून करकर ऐकू यायची. "बँकर लागला!" आम्ही ओरडायचो. सगळा डबा आमच्याकडे बघायचा आणि हसायचा.

इंजिन पुढे जोडायचं सोडून मागे का, हे बाबांनी मला वड्याच्या कागदावर चित्र काढून दाखवलं होतं. सगळं वजन पुढूनच ओढलं तर डब्यांना जोडणाऱ्या कपलिंगवर ताण येतो. मागून रेटा दिला की तो वाटला जातो. शिवाय कपलिंग तुटलंच, तर मागचे डबे उतारावरून घरंगळायला नकोत. या घाटात चढ जिथे सर्वांत तीव्र आहे तिथे ३७ फुटांना एक फूट आहे. ऐकायला किरकोळ वाटतो. आमच्या चाळीची गॅलरी साधारण तेवढीच लांब होती, आणि तिच्या एका टोकाला फूटभर उंच पाट रचून बाबांनी लाकडी गाडी सोडून दाखवली. ती कठड्यावर आपटून मोडली. तेव्हा चढ कळला.

इतिहास थोडक्यात सांगतो. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे गाडी धावली, १८५६ मध्ये जीआयपी रेल्वेने जेम्स बर्कले या मुख्य अभियंत्याच्या हाताखाली या घाटाचं, म्हणजे बोरघाटाचं, काम सुरू केलं आणि १८६३ मध्ये घाट खुला झाला. मूळ मार्गावर २५ बोगदे होते.

पण एका बाईबद्दल थोडक्यात सांगणं मला जमणार नाही. पहिल्या कंत्राटदाराने काम सोडल्यावर ते सॉलोमन ट्रेडवेल यांना मिळालं. १८५९ मध्ये ते इकडे आले आणि काही दिवसांतच आजारी पडून वारले. त्यांची पत्नी अॅलिस परत विलायतेला गेली असती तर कोणी तिला बोल लावला नसता. तिने कंत्राट स्वतःकडे घेतलं, अॅडमसन आणि क्लाउझर या दोन अभियंत्यांवर देखरेख सोपवली आणि काम तडीस नेलं. हजारो मजूर, पावसाळ्यात निसटणाऱ्या दरडी, साथीचे आजार, आणि परक्या मुलखात एक नुकती विधवा झालेली बाई. मी हे प्रथम वाचलं तेव्हा आजीला सांगितलं. तीही तिशीच्या आतच विधवा झाली होती, चार मुलं पदरात. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "पुढच्या खेपेला घाट आला की सांग रे, हात जोडते." आणि तिने जोडले. खरंच.

हात जोडायचं दुसरं ठिकाण जुन्या रस्त्यावर, शिंगरोबाच्या देवळात. घाटाची वाट या धनगराने साहेबाला दाखवली आणि त्याचाच बळी गेला, अशी कथा सांगतात. गाड्यांतून तिथे नाणी टाकली जातात. एसटीने गेलो की आई पदराच्या गाठीतून पाच पैसे काढून आमच्या हातात द्यायची.

पूर्वी खंडाळ्याजवळ रिव्हर्सिंग स्टेशन होतं. तिथे गाडीची दिशाच उलटायची. इंजिन एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावत, आणि आलेली गाडी पाठमोरी होऊन पुढे जाई. १९२९ च्या सुमारास विजेची इंजिनं आली, नवे बोगदे खोदले आणि ते बंद झालं. लगेच १९३० च्या १ जूनला डेक्कन क्वीन सुरू झाली. जवळचा अमृतांजन पूल आमच्या पिढीने डोळे भरून पाहिला. एप्रिल २०२० मध्ये तोही सुरुंग लावून पाडला.

आता बोगदे. पळसदरी मागे पडलं की मोजणी सुरू. जांबरुंग, ठाकूरवाडी, मंकी हिल. डाव्या खिडकीत उल्हासचं खोरं आणि पलीकडे राजमाचीचे श्रीवर्धन-मनरंजन. प्रत्येक बोगद्यात शिट्ट्या, अंधारात एकमेकांना चिमटे. बाबांकडे घरखर्चाची वही असायची. तिच्या मागच्या पानावर दोन रकाने, 'जाताना' आणि 'येताना'. आकडे कधीच जुळले नाहीत. भाऊ म्हणायचा मी झोपलो होतो, मी म्हणायचो त्याने पूलसुद्धा धरला. पुढे मोठेपणी नकाशा घेऊन बसलो तेव्हा उलगडलं. घाटात आता तीन रूळ आहेत, आणि जागोजागी त्यांचे बोगदे वेगळे. जाताना आणि येताना आम्ही एका वाटेने जातच नव्हतो.

येताना आणखी एक गंमत असायची. उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक पारखतात, आणि वाटेत कॅच सायडिंग असते. तिचा रूळ डोंगराच्या अंगाला वर चढवलेला. काटा एरवी तिकडेच लावून ठेवतात. गाडी नीट थांबली तरच तो मुख्य मार्गाकडे फिरतो, आणि सुटलेली गाडी असली तर ती चढावर जाऊन मंदावते. हे कळल्यापासून गाडी तिथे थांबली की आई मनात काहीतरी म्हणायची. विचारलं तर सांगायची नाही.

२००२ मध्ये द्रुतगती मार्ग पुरा झाला आणि आमच्या घरातही गाडी आली. मुलांनी काच वर करून, कानात गाणी घालून घाट पार केला, हे मला फार लागलं. २०२३ च्या फेब्रुवारीत सोलापूरची वंदे भारत सुरू झाली. ती बँकरशिवाय घाट चढते, कारण तिच्या मोटारी डब्यांखाली विभागलेल्या आहेत. केवढी मोठी गोष्ट आहे ही. तरी कर्जतला न थांबणारी पुण्याची गाडी मला अपुरी वाटते.

गेल्या हिवाळ्यात बाबांना आणि त्यांच्या नातीला घेऊन मुद्दाम साध्या गाडीने गेलो. मागचा डबा. आजीचा तांब्या मी पिशवीतून नेला होता. कर्जतला झाकण काढून तो लेकीच्या मांडीवर ठेवला. तिने पाण्यावरची नजर हलवली नाही, वडा गार झाला तरी. लाट उठली. ती ओरडली नाही. तिने आजोबांचं मनगट घट्ट धरलं आणि हळूच विचारलं, "हाच का?"

लोणावळ्याला आमचे आकडे पुन्हा निराळे निघाले. एक बुटकी कमान ती बोगदा मानत होती, मी नाही. बाबांनी खिशातून वही काढली, 'जाताना' खाली तारीख घातली आणि तिचा आकडा लिहिला.