शंभर टक्के रिअलिझम : पाणबुडीच्या गेममध्ये सगळं दिसणं बंद झालं की नेमकं काय होतं?

परळी वैजनाथ म्हटलं की ज्योतिर्लिंग आठवतं, औष्णिक वीज केंद्राची धुराडी आठवतात. समुद्र काही आठवत नाही. कोकणचा सगळ्यात जवळचा किनाराही इथून साडेतीनशे किलोमीटरहून लांब. २०१३ च्या दुष्काळात तर पाणीच नाही म्हणून इथलं वीज केंद्र बंद ठेवावं लागलं होतं.

पण अशा गावात बसूनही पाणबुडी चालवता येते. त्यासाठी एक कॉम्प्युटर, एक वही आणि दहावीची भूमिती एवढं पुरतं.

हे गेम म्हणजे पाणबुडी सिम्युलेटर. यातलं सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे २००५ साली आलेला 'सायलेंट हंटर ३'. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुडीचा कप्तान म्हणून तो खेळायचा. गेम जुना असल्यामुळे त्याला महागडा कॉम्प्युटरही लागत नाही. पण त्याची खरी गंमत आहे ती 'रिअलिझम' नावाच्या सेटिंगमध्ये.

रिअलिझम वाढवला की काय बदलतं?

बहुतेकांना वाटतं, रिअलिझम वाढवला की चित्रं जास्त खरी दिसणार. इथे नेमकं उलटं होतं. दिसणारी एकेक गोष्ट काढून घेतली जाते.

सोप्या सेटिंगवर पाणबुडी बाहेरून बघता येते, नकाशावर शत्रूची जहाजं आपोआप उमटतात आणि नेम कॉम्प्युटर धरून देतो. खेळाडूने फक्त बटण दाबायचं.

रिअलिझम वाढवला की बाहेरचा कॅमेरा बंद होतो. नकाशावर शत्रूच्या खुणा येत नाहीत. नेम स्वतः धरावा लागतो. बॅटरी, हवा आणि इंधन संपू शकतं. भरीस भर म्हणजे काही टॉर्पेडो फुसके निघतात, जहाजावर आदळूनही फुटत नाहीत.

हातात उरतं काय? पेरिस्कोपमधून दिसणारं एक छोटंसं गोल चित्र आणि पाण्यातून येणारे आवाज.

वहीतलं गणित

टॉर्पेडो म्हणजे बंदुकीची गोळी नव्हे. त्या काळातल्या विजेवर चालणाऱ्या जर्मन टॉर्पेडोचा वेग होता ३० नॉट, म्हणजे ताशी साधारण ५५ किलोमीटर. आपल्या एसटीचा वेग म्हणा ना! त्यामुळे जहाज आत्ता कुठे आहे ते बघून उपयोग नाही. टॉर्पेडो पोहोचेल तेव्हा ते कुठे असेल, हे काढावं लागतं.

त्यासाठी तीन गोष्टी हव्यात : जहाजाचं अंतर, वेग आणि ते कोणत्या कोनात चाललंय.

अंतर काढायची रीत दहावीच्या पुस्तकातली आहे. मनोऱ्याची उंची आणि उन्नतकोन दिला की अंतर काढायचं, ते गणित आठवतंय? इथे मनोऱ्याच्या जागी जहाजाची डोलकाठी येते. तिची उंची गेममधल्या ओळखपुस्तिकेत असते, कोन पेरिस्कोपमधून मोजायचा.

वेगासाठी स्टॉपवॉच. पाणबुडी जवळपास थांबवायची आणि पेरिस्कोप एका दिशेला स्थिर धरायचा. जहाजाचं पुढचं टोक मधल्या उभ्या रेषेवर आलं की घड्याळ सुरू, मागचं टोक गेलं की बंद. समजा १४० मीटर लांबीच्या जहाजाला ३५ सेकंद लागले. म्हणजे सेकंदाला ४ मीटर, साधारण ८ नॉट.

राहिला कोन. जहाज पूर्ण आडवं दिसलं तर ९० अंश, नाकासमोर येत असेल तर शून्य. मधले अंश नजरेनेच ठरवावे लागतात. इथे भलेभले चुकतात.

एक चूक किती महागात पडते?

तेच जहाज १,००० मीटरवरून आडवं जातंय असं समजू. टॉर्पेडोला तिथे पोहोचायला सुमारे ६५ सेकंद लागतात. तेवढ्यात जहाज २६५ मीटरच्या आसपास पुढे जातं. नेम तेवढा पुढे धरायचा.

आता समजा ओळखपुस्तिकेत बघताना चूक झाली आणि जहाज १४० ऐवजी १०५ मीटरचं वाटलं. वेग ८ ऐवजी ६ नॉटच्या आत येतो. टॉर्पेडो जहाजाच्या मध्यापासून जवळपास ७० मीटर मागे जातो. लागलाच तर शेपटाला, नाहीतर चुकला. हेच अंतर २,००० मीटर असेल तर चूक दुप्पट होते आणि टॉर्पेडो सरळ मागून निघून जातो.

म्हणून मुरलेले खेळाडू जवळ जातात. पण जवळ गेलं की विनाशिकेला पाणबुडीचा आवाज ऐकू येण्याची भीती. शिवाय पाण्याखाली पळता येत नाही. 'टाइप सात-सी' ही जर्मन पाणबुडी बुडालेल्या अवस्थेत ४ नॉटने ८० सागरी मैल जायची, म्हणजे जेमतेम २० तास. वेग वाढवला तर बॅटरी त्याहून कितीतरी लवकर संपणार. मग वर येण्याशिवाय इलाज नाही, वर कोणीही टपून बसलेलं असो.

खऱ्या युद्धात याची किंमत भयंकर होती. जर्मन पाणबुड्यांवर गेलेल्या सुमारे ४० हजार माणसांपैकी २८ हजारांहून अधिक परत आले नाहीत. त्यांनी बुडवलेल्या जहाजांवरही हजारो खलाशी होते, त्यात भारतीय खलाशीही होते.

हे सगळं आपल्या समुद्रातही घडलंय

डिसेंबर १९७१. भारत-पाकिस्तान युद्ध सुरू होतं. पाकिस्तानची 'हँगोर' ही पाणबुडी अरबी समुद्रात होती. तिला शोधायला मुंबईहून निघालेल्या युद्धनौकांमध्ये आयएनएस खुकरी आणि आयएनएस किरपाण होत्या.

९ डिसेंबरच्या रात्री, दीवच्या किनाऱ्यापासून दूर, त्यांची गाठ पडली. हँगोरच्या कमांडरने नंतर सांगितल्याप्रमाणे रात्र इतकी काळोखी होती की पेरिस्कोपमधून काहीच दिसेना. त्याने पाणबुडी खोल नेली आणि फक्त सोनारच्या भरवशावर हल्ला केला.

पहिला टॉर्पेडो किरपाणच्या दिशेने सुटला. तो तिच्या खालून गेला, पण फुटला नाही. दुसरा खुकरीवर फुटला. काही मिनिटांत खुकरी बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्यासोबत गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडलं नाही. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आलं. दीवमध्ये खुकरीचं स्मारक आहे.

'फुसके टॉर्पेडो' हे सेटिंग गेममध्ये चालू केलं की अनेक जण वैतागतात. तासभर गणित करायचं आणि टॉर्पेडो फुटतच नाही! पण त्या रात्री किरपाणवरची माणसं वाचली, ती एक टॉर्पेडो फुटला नाही म्हणून.

सुरुवात कशी करायची?

पहिल्याच दिवशी शंभर टक्के रिअलिझम लावला तर दोन तासांत गेम बंद होईल. आधी बॅटरी, हवा आणि इंधनाची मर्यादा चालू करावी. त्याची सवय झाली की बाहेरचा कॅमेरा बंद. मग नकाशावरच्या खुणा. हाताने नेम धरणं सगळ्यात शेवटी, तेही आधी एकट्या, संथ मालवाहू जहाजावर.

मित्र असतील तर 'वुल्फपॅक' हा गेम आहे. त्यात इंटरनेटवरून अनेक जण मिळून एकच पाणबुडी चालवतात. एक पेरिस्कोपवर, एक आवाज ऐकायला, एक नकाशावर. तिथे चूक एकाची असते, बुडतात मात्र सगळे.

गेममध्ये बुडालं की जुना सेव्ह उघडून पुन्हा सुरुवात करता येते. शंभर टक्के रिअलिझम लावला तरी एवढी एक सवलत राहतेच. खुकरीवरच्या माणसांना ती नव्हती.