विज्ञानपटाचा ट्रेलर थ्रिलरसारखा का असतो? तिकीट काढण्याआधी हे समजून घ्या

बडोदा : पडदा काळा होतो. लाल दिवा लुकलुकतो. बोळातून कुणीतरी धापा टाकत पळतंय. क्षणभर सगळं शांत, आणि मग छातीत धडकी भरवणारा 'ब्रॅम्म' असा आवाज. सिनेमा अंतराळाचा असो, रोबोटचा असो की काळाच्या प्रवासाचा, ट्रेलर बहुतेक वेळा असाच. नवापूर-नंदुरबारकडून बडोद्याला शिकायला गेलेली पोरं असोत की दांडिया बाजारातलं मराठी कुटुंब, रविवारी कुठला सिनेमा पाहायचा हे आता मोबाईलवरच्या या दोन-अडीच मिनिटांवरच ठरतं. म्हणून या दोन-अडीच मिनिटांत नेमकं काय चालतं, ते पाहू.

फाळक्यांचा वाटाणा

या विषयाची एक जुनी कडी बडोद्याशी जुळते. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात शिकले. पुढे ते 'प्रोफेसर केळफा' या नावाने जादूचे प्रयोगही करायचे. फाळके हे आडनाव उलटं वाचलं की केळफा!

'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्ये आला. पण त्यासाठी आधी पैसा उभा करायचा होता. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभर रोज थोडं थोडं चित्रण केलं. त्यातून 'अंकुराची वाढ' ही मिनिटभराची फिल्म तयार झाली. पडद्यावर बघता बघता अंकुर फुटतो आणि वेल वाढते. ही फिल्म त्यांनी मोजक्या लोकांना दाखवली आणि कर्ज मिळवलं. म्हणजे एका अर्थाने तो विज्ञानाचा ट्रेलरच होता. त्यात ना खलनायक होता, ना पाठलाग. नुसत्या नवलावर काम झालं.

मग आता भीती कशाला?

नवल वाटायला वेळ लागतो, भीती लगेच वाटते. काळ मागे कसा जातो किंवा यंत्राला मन असतं का, हे दोन मिनिटांत सांगणं अवघड. पण 'ही बाई जीव वाचवून पळतेय' हे दोन सेकंदांत कळतं. त्याला ना भाषा लागते, ना विज्ञान. म्हणून प्रचार करणारे विज्ञानाची कल्पना मागे ठेवतात आणि थ्रिलरची ठरलेली हत्यारं पुढे करतात.

ती साधारण अशी :

- घड्याळ : अमुक वेळेत काही केलं नाही तर सगळं संपेल.
- पाठलाग : कुणीतरी मागावर आहे. का, ते सांगायचं नाही.
- झाकलेला चेहरा : शत्रूची सावली, हात, आवाज दाखवायचा, पूर्ण रूप नाही.
- अविश्वास : जवळचाच माणूस काहीतरी लपवतोय, असा एखादा संवाद.
- शांतता आणि दणका : आवाज एकदम बंद, मग मोठा धक्का, मग नाव.

काही उदाहरणं

१९७९ च्या 'एलियन'च्या गाजलेल्या ट्रेलरमध्ये संवाद जवळपास नाहीतच. एक अंडं तडकतं, भोंगा किंकाळीसारखा वाजत राहतो, माणसं पळतात. प्राणी मात्र नीट दिसत नाही. इथे भीती योग्यच होती, कारण सिनेमाही भीतीचाच होता.

२०१६ चा 'अरायव्हल' वेगळा. परग्रहावरून १२ याने येतात आणि एक भाषातज्ज्ञ बाई त्यांची भाषा शिकते. सिनेमाचा जीव भाषा, काळ आणि आईच्या दुःखात आहे. ट्रेलरचा भर मात्र लष्कर, घबराट आणि हातातून निसटणाऱ्या वेळेवर. युद्धपट समजून गेलेला माणूस वैतागणार, आणि ज्याला तो आवडला असता तो कदाचित घरीच राहणार.

२०१० च्या 'इन्सेप्शन'च्या ट्रेलरमधलं गाजलेलं संगीत झॅक हेम्सी यांचं होतं, तर सिनेमाचं संगीत हान्स झिमर यांचं. त्या प्रचारानंतर 'ब्रॅम्म' आवाजाची साथच आली.

आपल्याकडे २०२४ चा 'कल्की २८९८ एडी' घ्या. महाभारत आणि भविष्यकाळ यांची सांगड घालणारी ही मोठी गोष्ट. तरी तिला पुढे ढकलणारं इंजिन थ्रिलरचंच आहे : एक गरोदर स्त्री पळते आहे, तिच्या मागे बक्षिसासाठी निघालेला भैरवा आहे आणि मध्ये अश्वत्थामा उभा आहे.

फसवणूक झाली असं वाटलं तर?

इथे प्रश्न खिशाचा येतो. औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) एका शिक्षिका २०१६ मध्ये कुटुंबासह 'फॅन' पाहायला गेल्या. प्रचारात गाजलेलं गाणं सिनेमात नव्हतंच. त्या ग्राहक मंचात गेल्या. जिल्हा मंचाने तक्रार फेटाळली. राज्य आयोगाने १० हजार रुपये भरपाई आणि ५ हजार रुपये खर्च देण्याचा आदेश दिला, राष्ट्रीय आयोगानेही तो कायम ठेवला. पण २२ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे आदेश रद्द केले.

न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं : ट्रेलर हा एकतर्फी प्रचार आहे. तो कराराचा प्रस्ताव ठरत नाही. त्यात दाखवलेलं सिनेमात नसलं, एवढ्यावरून सेवेतली त्रुटी किंवा अनुचित व्यापार प्रथा सिद्ध होत नाही.

थिएटरात दाखवायच्या ट्रेलरला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं हे खरं. पण त्यात काय दाखवलंय हे तपासलं जातं, सिनेमा तसाच निघेल याची हमी कुणी देत नाही. म्हणजे सावध राहायचं ते आपणच.

ट्रेलर पाहताना एवढं करा

एकदा आवाज बंद करून ट्रेलर पाहा. दणके गेले की उरतं काय, ते कळतं. मग स्वतःला विचारा : यातलं यान, रोबोट, यंत्र काढलं आणि त्या जागी गुंड आणि जीप ठेवली, तर गोष्ट तशीच चालेल का? चालत असेल, तर ट्रेलरने विज्ञानाबद्दल तुम्हाला अजून काहीच सांगितलेलं नाही. अशा वेळी दिग्दर्शकाचं आधीचं काम पाहा, किंवा पहिल्या दिवशी गेलेल्या ओळखीच्या माणसाला एक फोन करा.

आणि एखादा ट्रेलर कुणालाही न पळवता तुम्हाला थांबवून ठेवत असेल, फाळक्यांच्या वाटाण्यासारखा, तर तो सिनेमा चुकवू नका.